प्लेट स्टीलची की टायटॅनियमची? शाहूपुरीच्या दवाखान्यातला प्रश्न आणि कोल्हापूरच्या फौंड्रीपुढचं कोडं

शाहूपुरी (कोल्हापूर) : राधानगरी, भुदरगड नाहीतर शाहूवाडीकडचा पेशंट. दुचाकी घसरून नडगीचं हाड मोडलेलं. गावातनं गाडी करून शाहूपुरी-राजारामपुरी भागातल्या हाडांच्या दवाखान्यात आणलेलं. एक्स-रे होतो, ऑपरेशन ठरतं आणि बाहेर बाकावर बसलेल्या भावाला आत बोलावून विचारलं जातं, "प्लेट कुठली घालायची? स्टीलची की टायटॅनियमची? टायटॅनियमला पैसे जास्त पडतील."

भाऊ क्षणभर गप्प होतो. शेजारच्या पाव्हण्याकडं बघतो. पाव्हणा म्हणतो, "चांगलीच घाला, पैशाचं बघू." सोसायटीचं कर्ज, उसाचं बिल, नाहीतर गोठ्यातली म्हैस, यातलं काहीतरी मग त्या 'चांगल्या'साठी मोडलं जातं.

टायटॅनियम म्हणजे नक्की काय, ते महाग का, आणि दर वेळी तेच घ्यावं लागतं का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे याच शाहूपुरीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शिवाजी उद्यमनगर आहे. लोखंड वितळवून, ओतून, घासून त्याचं इंजिन करण्यात या गावाची हयात गेली. मग ही प्लेट कोल्हापुरात का होत नाही, हाही प्रश्न पडतोच. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या धातूच्या स्वभावातच आहेत.

धातू आहे तरी कसा?

टायटॅनियम दिसायला स्टीलसारखंच, थोडं करडं. हातात घेतल्यावर फरक कळतो. एक लिटर मापाचा लोखंडाचा ठोकळा साधारण ७.८ किलो भरतो. तेवढाच टायटॅनियमचा ठोकळा ४.५ किलो आणि ॲल्युमिनियमचा २.७ किलो. म्हणजे वजनात ते दोघांच्या मध्ये बसतं, पण ताकदीत चांगल्या स्टीलशी बरोबरी करतं.

घर बांधताना आपण 'एफई ५००' सळई मागतो. त्यातला ५०० हा आकडा म्हणजे कायमची वाकायला लागेपर्यंत सळई किती ताण सोसते, त्याचं माप. टायटॅनियमचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा मिश्रधातू याच मापात ८०० च्या वर जातो. या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. कारखान्यात त्याला 'सिक्स-फोर' किंवा 'ग्रेड ५' म्हणतात. वजन जवळपास निम्मं आणि ताकद दीडपटीच्या वर, म्हणून विमानवाले त्याच्या मागं लागतात.

दुसरा गुण गंज न धरण्याचा. हवेचा स्पर्श झाला की टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप बसतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा तयार होतो. त्यामुळं समुद्राचं खारं पाणी, क्लोरीन किंवा माणसाच्या अंगातलं रक्त-पाणी यांनी ते सहसा खात नाही. शरीरात घालायला ते निवडलं गेलं ते यामुळंच.

तिसरी गोष्ट शोधली स्वीडनच्या ब्रॉनेमार्क या डॉक्टर-संशोधकानं. १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेल्यावर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. त्यातूनच १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचा दात बसवला गेला. आज दाताच्या दवाखान्यात 'स्क्रूवाला दात' म्हणून जो बसवतात, तो बहुतेक वेळा टायटॅनियमवरच उभा असतो.

मग स्टील वाईट आहे का?

नाही. पेशंटच्या नातेवाइकांनी हीच गोष्ट आधी समजून घ्यायला हवी.

हाडाच्या प्लेटसाठी भांड्यांचं स्टील वापरत नाहीत. त्यासाठी '३१६ एल' जातीचं वैद्यकीय स्टील असतं. जगभर कित्येक दशकं ते हाडात घातलं जातंय आणि हाडं जुळतायत. ते जास्त ताठ असतं, स्वस्त असतं आणि हाड जुळल्यावर प्लेट काढायची वेळ आली तर तुलनेनं सोपं निघतं.

टायटॅनियमचे फायदेही खरे आहेत. स्टीलच्या तुलनेत त्याचा ताठपणा जवळपास निम्मा. शेतकऱ्याला हे उदाहरणानं लगेच कळेल. रोपाला आधाराची काठी फारच जाड आणि घट्ट बांधली तर वाऱ्याचा भार काठीच घेते आणि रोपाचा बुंधा कच्चा राहतो. काठी थोडी लवचिक असली तर रोपही भार घेतं आणि मजबूत होतं. हाडाचंही तसंच. प्लेटनंच सगळा भार घेतला तर खालचं हाड सुस्तावतं. टायटॅनियम थोडं लवतं, त्यामुळं हाडावर थोडा भार येत राहतो.

वैद्यकीय स्टीलमध्ये निकेल असतं. काहींना निकेलची ॲलर्जी असते. नकली दागिना घातला की कान किंवा मनगट खाजतं, चट्टे उठतात, अशी माणसं आपल्या घरातही असतात. अशा पेशंटनं ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगायला हवी. तिथं टायटॅनियमला अर्थ आहे. पुढं एमआरआय काढायची वेळ आली तर टायटॅनियममुळं चित्र कमी बिघडतं. "स्टील असलं की एमआरआय होतच नाही" हे मात्र सरसकट खरं नाही. वैद्यकीय स्टीलही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीतलं नसतं. पण तपासणीआधी अंगात कुठला धातू आहे ते सांगणं आणि कागद दाखवणं दोन्ही वेळी गरजेचं.

टायटॅनियमचे तोटेही आहेत. एकमेकांवर घासणाऱ्या जागी ते टिकत नाही, लवकर ओरबाडतं. म्हणून कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडावर बसणारा, घासला जाणारा भाग बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो आणि खाली नडगीत बसणारा भाग टायटॅनियमचा. 'टायटॅनियमचा गुडघा' म्हणून जे सांगितलं जातं त्यात कुठला भाग कशाचा, हे विचारून घ्यावं. शिवाय प्लेटला आटे पाडून घट्ट बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू काही वर्षांनी काढताना अडकून बसतात, कधी डोकं घासून जातं.

थोडक्यात, कुठली प्लेट हे मोडलेलं हाड, पेशंटचं वय, ॲलर्जी आणि पुढं ती काढायची आहे की नाही, यावर ठरतं. महाग आहे म्हणून चांगली, हा हिशेब इथं चालत नाही. "माझ्या पेशंटला टायटॅनियम का पाहिजे?" एवढा साधा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक नातेवाइकाला आहे. चांगला डॉक्टर त्याचं उत्तर दोन मिनिटांत देतो.

किमतीवर लगाम आहे, पण सगळीकडं नाही

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची मर्यादा ५४,७२० रुपये ठरली. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम या खास धातूंच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये. जीएसटी वेगळा. त्यानंतर वेळोवेळी आदेशांना मुदतवाढ आणि किमतीत फेरफार झाले, त्यामुळं आजचा आकडा प्राधिकरणाच्या ताज्या आदेशात बघावा. पण एक गोष्ट त्या आदेशातच स्पष्ट लिहिलेली होती. दवाखान्यानं बिलात गुडघ्याची किंमत वेगळी दाखवायची आणि त्यासोबत कंपनीचं नाव, ब्रँड आणि बॅच नंबर द्यायचा.

हाड मोडल्यावर घालायच्या प्लेट, रॉड आणि स्क्रूंना मात्र अशी ठरावीक कमाल किंमत लावलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली. त्यामुळं छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढंच बंधन आहे. मुळात छापलेली किंमत किती असावी, यावर लगाम नाही. गावाकडच्या माणसाचा पैसा जास्त जातो तो इथं, कारण अपघात सांगून येत नाही आणि घासाघीस करायला वेळ नसतो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

– ऑपरेशनआधी प्लेट किंवा रॉडची वेगळी किंमत लिहून मागा. 'सगळं मिळून' एवढ्यावर थांबू नका.

– प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर धातूची जात, कंपनी, लॉट नंबर, लायसन्स नंबर आणि छापील किंमत असते. ते स्टिकर पेशंटच्या फाइलला लावून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी दुसरं ऑपरेशन निघालं तर हाच कागद कामाला येतो.

– धातूच्या जातीसमोर आंतरराष्ट्रीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो. 'आयएसओ ५८३२-१' म्हणजे वैद्यकीय स्टील, '५८३२-२' म्हणजे शुद्ध टायटॅनियम आणि '५८३२-३' म्हणजे सिक्स-फोर मिश्रधातू. टायटॅनियमचे पैसे घेतले असतील तर पाकिटावरही टायटॅनियमच असलं पाहिजे.

– महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का आणि पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलंय का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. योजनेत बसूनही वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

चुंबक लावून धातू ओळखायचा उपाय काहीजण सांगतात. तो कामाचा नाही. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण वैद्यकीय स्टीलही चिकटत नाही. चुंबकानं दोघांतला फरक कळणार नाही. पाकीट आणि बिल हाच पुरावा.

वाळूत भरपूर, तरी महाग का?

टायटॅनियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात सापडणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा नंबर नववा लागतो. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला ते काळ्या वाळूत सापडलं. तशीच काळी वाळू आपल्या घाटाखाली, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचा एकत्र ऑक्साइड. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याचे मोठे साठे आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातही टायटॅनियम आहे, फक्त ते ओळखू येत नाही. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर जो बॉक्साइट निघतो, त्यात टायटॅनियमचा ऑक्साइड काही टक्के असतो. इथला बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडं जात आला. ॲल्युमिना काढून घेतल्यावर जो लाल चिखल मागं राहतो, त्यात हे टायटॅनियम साठतं. त्यातून धातू काढायचे प्रयोग झालेत, पण व्यापारी पातळीवर ते परवडणारं झालेलं नाही. म्हणून "आपल्या डोंगरात टायटॅनियमची खाण आहे" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर भुलून जाऊ नये.

मातीतून काढलेल्या टायटॅनियमचा फार मोठा हिस्सा तर धातू होतच नाही. त्याची पांढरी भुकटी होते. भिंतीचा पांढरा ऑइलपेंट, प्लॅस्टिकच्या पाइप, कागद, टूथपेस्ट यांतला पांढरेपणा बहुतेक वेळा याच भुकटीचा असतो. धातू होतो तो थोडाच, आणि महाग पडतो तो त्याला ऑक्सिजनपासून सोडवताना.

लोखंडाचा दगड कोळशासोबत भट्टीत घातला की कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. टायटॅनियमनं ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला असतो की अशा भट्टीत शुद्ध धातू हाती लागत नाही. १९४० च्या सुमारास विल्यम क्रोल यांनी काढलेली वाट आजही वापरात आहे. आधी खनिज कोक आणि क्लोरीनसोबत साधारण ९०० ते १,००० अंशांवर तापवतात. त्यातून टायटॅनियम टेट्राक्लोराइड नावाचा द्रव मिळतो. तो दारूच्या भट्टीसारखा उकळून, गाळून शुद्ध करतात. मग हवाबंद भांड्यात, आर्गॉन वायूत, वितळलेल्या मॅग्नेशियमवर तो सोडतात. कित्येक दिवस चालणाऱ्या या कामातून भोकाभोकाचा, स्पंजासारखा धातू निघतो. त्याला नावच 'टायटॅनियम स्पंज'. हा स्पंज फोडून, दाबून त्याचा दांडका करतात आणि निर्वात भट्टीत विजेच्या ज्योतीनं एकदा-दोनदा पुन्हा वितळवतात. तेव्हा कुठं सळई, पत्रा करण्याजोगा गोळा मिळतो.

भारतात हा स्पंज केरळच्या कोल्लम जिल्ह्यात चवरा इथं होतो. केरळ मिनरल्स अँड मेटल्स या राज्य सरकारी कंपनीचा वर्षाला ५०० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. तंत्र हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेचं आणि पैसा इस्रोचा. हैदराबादची मिधानी ही १९७३ ची सरकारी कंपनी त्याचे मिश्रधातू बनवते. वाळू आपल्याकडं भरपूर असूनही धातू मात्र बराचसा बाहेरून आणावा लागतो, ही या धंद्यातली जुनी दुखरी नस.

आताच चर्चा का वाढली?

कारण युद्ध. रशिया हा विमानाच्या टायटॅनियमचा जगातला मोठा पुरवठादार. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यावर, बोइंगनं रशियन टायटॅनियमची खरेदी थांबवली. दुसरीकडं स्पंजच्या उत्पादनात चीन सगळ्यांच्या पुढं. त्यामुळं विमान कंपन्या नवे पुरवठादार शोधू लागल्या.

भारत सरकारनं २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात टायटॅनियम आहे. त्याच वर्षी खाण कायदा बदलून टायटॅनियमची खनिजं अणुखनिजांच्या राखीव यादीतून बाहेर काढली. किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट असेल तर नियम अजूनही कडकच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली.

मागणी घरातही आहे. इस्रोच्या रॉकेटमधल्या दाबाच्या वायूच्या गोल टाक्या टायटॅनियमच्या असतात. समुद्रात ६,००० मीटर खोल माणसं उतरवायच्या 'मत्स्य ६०००' मोहिमेसाठी २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाड भिंतीचा टायटॅनियमचा गोळा आखला आहे.

मोबाईलमुळं हे नाव घराघरात पोचलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोची चौकट टायटॅनियमची आली. दोन वर्षांनी आयफोन १७ प्रोला कंपनी पुन्हा ॲल्युमिनियमकडं वळली. उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियम सरस, हे त्यामागचं एक कारण. बाकी कित्येक फोनच्या जाहिरातीत 'टायटॅनियम' हे नुसतं रंगाचं नाव असतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

उद्यमनगरची भट्टी का चालत नाही?

आता दुसरा प्रश्न. १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरी वसली ती गुळाची बाजारपेठ म्हणून. पुढं शेजारच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली आणि ती गावोगावच्या विहिरींवर धडधडली. मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती झाल्या. आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांचे लोखंडी सुटे भाग इथल्या शेकडो फौंड्री आणि मशीन शॉपमधून जातात. करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळ्याच्या गावांतली हजारो पोरं रोज दुचाकीवरून शिफ्टला येतात.

पण लोखंड ओतायची सगळी विद्या टायटॅनियमपुढं उलटी पडते.

लोखंड १,५३८ अंशांवर वितळतं, टायटॅनियम १,६६८ अंशांवर. हा फरक तसा झेपण्याजोगा. खरी अडचण अशी की वितळलेलं टायटॅनियम समोर येईल ते खातं. उघड्या भट्टीत ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. भट्टीचं अस्तर खातं. साच्यातल्या साध्या वाळूतला ऑक्सिजनसुद्धा सोडत नाही, त्यामुळं ओतलेल्या भागावर कडक, तडकणारी साल धरते. म्हणून ते निर्वात भट्टीत, पाण्यानं गार ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात वितळवतात. साचे ग्रॅफाइटचे किंवा इट्रिया, झिर्कोनियाचा लेप दिलेले असतात. इंडक्शन भट्टी आणि हिरव्या वाळूवर चालणाऱ्या फौंड्रीला यातलं काहीच जसंच्या तसं वापरता येत नाही.

तरी हे अशक्य नाही. लखनौची पीटीसी इंडस्ट्रीज ही १९६३ ची साधी ओतकामाचीच कंपनी. तिनं वर्षानुवर्षं स्टीलचं अवघड कास्टिंग करत करत आता टायटॅनियम वितळवण्याचा आणि ओतायचा प्रकल्प उभा केलाय. पुण्याच्या भारत फोर्जनं बोइंग ७३७ विमानाच्या पंखांसाठी टायटॅनियमचे फोर्जिंग दिले. या दोन्हींमागं मोठं भांडवल आणि बऱ्याच वर्षांचा धीर आहे.

कोल्हापूरसाठी दार कुठलं?

जवळचं दार भट्टीचं नाही, मशीन शॉपचं आहे. तयार टायटॅनियमची सळई किंवा फोर्जिंग आणायचं आणि सीएनसी, व्हीएमसीवर भाग कापून द्यायचा.

तेही सोपं नाही. टायटॅनियममधून उष्णता नीट वाहत नाही, स्टीलच्या साधारण सातव्या हिश्श्यानंच वाहते. त्यामुळं कापताना तयार झालेला ताव कामाच्या तुकड्यात न जाता टूलच्या टोकाशी साठतो आणि इन्सर्ट भराभर संपतात. साध्या स्टीलला जो वेग चालतो, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर मशीन चालवावं लागतं. कूलंट जोरात आणि नेमक्या जागी मारावं लागतं. धार बोथट झाली तरी 'अजून एक पीस काढू' ही सवय इथं महागात पडते.

आणि आग. टायटॅनियमचा बारीक चुरा, भुसा पेटतो. पेटला की पाणी मारायचं नाही. पाण्यानं ती आग भडकते. त्यासाठी कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं 'डी' वर्गाचं विझवणं जवळ लागतं. असं काम घेणाऱ्या शॉपमध्ये हे शिकवल्याशिवाय पोरांना मशीनवर उभं करणं म्हणजे जिवाशी खेळ. भंगारवाल्यांनीही असा चुरा इतर भंगारात मिसळून ठेवू नये.

ग्राहक लांब नाहीत. पुणे-बेंगळुरू हायवेनं संकेश्वरच्या पुढं गेलं की हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला एक्वस कंपनीची एरोस्पेस वसाहत आहे. विमानाचे भाग तिथं कापले, घडवले जातात. १०,००० टनी प्रेसही त्याच वसाहतीत आहे. गडहिंग्लज, कागल, निपाणी भागातल्या तरुणांना हे अंतर रोजच्या जाण्यायेण्याचं नसलं तरी नोकरीसाठी परकंही नाही.

दुसरं दार हाडांच्या इम्प्लांटचं. राजकोटचं उदाहरण इथं घेण्यासारखं. तेही कोल्हापूरसारखंच डिझेल इंजिन आणि कास्टिंगचं शहर. आज तिथं हाडांच्या प्लेट, स्क्रू बनवणारे कारखाने आहेत. इंजिनाचा भाग घासणारा हात प्लेटही घासू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मात्र इम्प्लांट भारतात 'क' वर्गातलं उपकरण धरलं जातं. त्याला केंद्राच्या औषध नियंत्रकाचं लायसन्स, स्वच्छ खोली, प्रत्येक तुकड्याची नोंद, 'आयएसओ १३४८५' प्रमाणपत्र, सगळं लागतं. विमानाच्या कामाला 'एएस ९१००' लागतं. एका छोट्या शॉपच्या मालकाला हा खर्च एकट्यानं परवडत नाही. काम मिळायच्या आधी पैसा ओतायचा आणि मंजुरी यायला वर्षं जायची, ही खरी अडचण.

टायटॅनियम हे ईव्हीचं उत्तर नाही

गाड्या विजेवर गेल्या तर इंजिनाचे लोखंडी भाग कमी लागणार, ही भीती शिरोलीपासून कागलपर्यंत बोलली जाते. त्यावर टायटॅनियम हा रामबाण म्हणून कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ट्रॅक्टरचं सिलिंडर हेड कधी टायटॅनियमचं होणार नाही, ते परवडणारच नाही. लोखंडाच्या टनांची जागा टायटॅनियमचे किलो घेऊ शकत नाहीत. दहा फौंड्रींचं काम गेलं तर त्याच्या बदल्यात टायटॅनियमची एक-दोन शॉप उभी राहतील, एवढाच हिशेब निघतो.

पण त्या एक-दोन शॉपमधली नोकरी वेगळी असते. तिथं ड्रॉइंग वाचणारा, प्रोग्राम बसवणारा, मायक्रॉनमध्ये मोजणारा आणि मोजलेलं कागदावर उतरवणारा पोरगा लागतो. ते कसब एकदा हातात बसलं की पुढं धातू कुठलाही येवो, तो उपाशी राहत नाही.

त्यामुळं मागणी करायचीच असेल तर नेमकी करायला हवी. आयटीआयमधल्या मशिनिस्ट पोरांना वर्षातले काही दिवस तरी टायटॅनियम आणि स्टेनलेसवर प्रत्यक्ष काम करायला मिळावं. टेस्टिंग, मापन आणि नोंदीसाठी सामायिक सोय असावी, म्हणजे छोट्या शॉपना एकत्र येऊन प्रमाणपत्राचा खर्च वाटून घेता येईल. जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी 'मोठा प्रकल्प आणू' म्हणण्यापेक्षा हे दोन मुद्दे धरले तर काहीतरी हाती लागेल.

तोवर शाहूपुरीतल्या त्या बाकावर रोज कुणीतरी बसणार आणि तोच प्रश्न विचारला जाणार. त्या वेळी घाईनं 'चांगलीच घाला' म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. टायटॅनियमच का? प्लेटची वेगळी किंमत किती? आणि पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावणार ना? एवढं विचारायला पैसे पडत नाहीत, आणि उत्तर ऐकून स्टीलचीच प्लेट घातली तर त्यात कमीपणाही काही नाही.